आंबवणे सरांची आखणी

आंबवणे सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते अंगठा आडवा धरून. शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. स्टाफरूममध्ये मी डबा उघडत होते आणि समोर एक सावळा, हडकुळा माणूस बशीतून चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली, एक डोळा मिटला, हात लांब केला आणि अंगठा बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरला. मला वाटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाही तर वाह्यात.

"बाई, तुमची हनुवटी रागीट आहे," तो म्हणाला. "डोळे गरीब वाटतात. पण डोळे झाकले की खरं काय ते कळतं."

"आणि तुमच्या जिभेचं काय?" मी विचारलं.

"ती कल्याणची आहे," असं म्हणून त्याने बशी पुन्हा उचलली.

मी लग्न होऊन पुण्याहून डोंबिवलीत आलेली. असल्या बोलण्याची सवय नव्हती. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "हनुवटीचं बरोबर आहे हां पण." दोघांवरही मी दोन दिवस रागावून होते.

सरांचं हे अंगठ्याचं खूळ साऱ्या शाळेला ठाऊक होतं. पेपरातला फोटो असो, कॅलेंडरवरचं चित्र असो की हेडमास्तर, आधी डोळे झाकायचे आणि मग बघायचं. चित्रकलेच्या तासाला खोडरबर सापडला तर पोरगं वर्गाबाहेर. "चुकलं ना? मग राहू दे की चुकलेलं! मला कळू दे तुझा हात कुठे हलला ते." बोलता बोलता मध्येच थांबून "बघा म्हणजे झालं" म्हणायची त्यांना सवय होती. कशाचं काय बघायचं ते कधी कळायचं नाही. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, आणि दोन्हींवर रोज नवा डाग. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "अंगठा आडवा धरला की मुली निघून जायच्या." खरं असेलही.

सरांच्या घरी कल्याणला पिढीजात गणपतींचा कारखाना. शाडूची माती, रंग, पाट, सगळं घरात. त्या घरात सरांच्या वाट्याला आलं होतं आखणीचं काम. म्हणजे मूर्ती पूर्ण झाली, रंग चढला, की शेवटी डोळे काढायचे. ते काम सगळ्यांना जमत नाही. सरांना अकराव्या-बाराव्या वर्षापासून जमायला लागलं होतं. घरात कौतुक, गिऱ्हाईक नाव काढून विचारायचं. आणि हा माणूस ते सगळं थोरल्या भावावर सोडून शाळामास्तर झाला! मला काही केल्या पटेना. मग एकदा त्यांनीच सांगितलं.

लहानपणी त्यांनी स्वतःला खेळायला म्हणून मातीचा घोडा केला होता. चांगला झाला म्हणून हौसेने त्याला डोळे काढले. आजी आली, तिने घोड्याकडे पाहिलं, हात जोडले आणि घोडा उचलून थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. "खंडोबाचा आहे," म्हणाली. पोर रडून रडून लाल झालं. घोडा काही परत मिळाला नाही.

"तेव्हाच कळलं बाई," सर म्हणाले. "डोळे दिले की वस्तू आपल्या हातातून जाते. लोक लगेच पाया पडतात. आपल्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही."

मी हसले. मला तेव्हा ती गंमत वाटलेली.

सरांचा हात काय होता ते मी एकदाच जवळून पाहिलं आणि अक्षरशः हबकले. शाळेच्या संस्थापकांचं मोठं तैलचित्र करायचं होतं. सरांनी दोन महिने घेतले. कोट, टोपी, मिशा, खुर्चीची कोरीव पाठ, सगळं झालं. डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग. अनावरणाच्या आदल्या दिवशी हेडमास्तर रडकुंडीला आले. सर संध्याकाळी आले, तोंडाला रुमाल बांधला, बारीक ब्रश घेतला, श्वास धरला आणि चार-सहा फटकारे मारले. बस्स. भिंतीवरून संस्थापक आमच्याकडे बघायला लागले. वर्गणी थकलेल्या सभासदाकडे ते जसे बघत, अगदी तसेच! मी दचकून मागे सरले ते शिपायाच्या पायावर पडले. हेडमास्तरांनी तर चटकन पदर सावरावा तसं उपरणं सावरलं.

आमच्या इमारतीसमोर पालिकेचा एक मोकळा भूखंड होता. चिखल, शेवाळ, मोडक्या हातगाड्या. ऐंशीच्या दशकात कधीतरी तिथे बाग करायचं ठरलं. पैसा नव्हता, म्हणून पालिकेने शाळेला विचारलं की मुलांकडून काही सजावट होईल का. सरांना आयतंच निमित्त मिळालं. सबंध मे महिना ते त्या उन्हात लोखंडी सळ्या वाकवत, जाळी गुंडाळत आणि सिमेंट थापत बसलेले मी माझ्या तळमजल्याच्या खिडकीतून पाहिलेत. हत्ती झाला, उंट झाला, कासव झालं. आणि मध्यभागी एक बसलेली कोळीण. काष्ट्याचं लुगडं, पाय पसरलेले, डोक्यावर ही एवढी टोपली. टोपलीत सिमेंटचे मासे आणि वर दोन पोरं मावतील एवढी जागा. मांडीवर बसायचं, खांद्यावर पाय द्यायचा, टोपलीत चढायचं आणि पाठीवरून घसरत खाली यायचं.

डोळे कुणालाच नाहीत. हत्तीलाही नाहीत.

नगरसेवक उद्घाटनाला आले तेव्हा त्यांनी विचारलंच, "सर, बाई आंधळी का हो?"

"आंधळी नाही. डोळे दिलेच नाहीत."

"पण का?"

"मला तिच्या पाया पडायला माणसं नकोयत. अंगावर चढायला पोरं पाहिजेत. बघा म्हणजे झालं."

आणि पोरं चढली. काय चढली म्हणून सांगू! दिवसभर नुसता कल्ला. तिला सगळी 'मावशी' म्हणायची. "मी मावशीच्या मांडीवर," "मी टोपलीत," यावरून मारामाऱ्या. माझ्या दोन्ही मुलांच्या चड्ड्या त्या मावशीच्या पाठीवर फाटल्या, आणि मी दर वेळी सरांना ऐकवलं की शिंप्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करणार आहे.

बागेच्या फाटकाशी गुलमोहराखाली चांगुणा बसायची. खाडीकडच्या कोळीवाड्यातली. बाग व्हायच्या आधीपासूनची तिची ती जागा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे तिचं-माझं नातं पाण्यापुरतं. दुपारी खिडकीशी येऊन "बाय, पानी दे" म्हणायची, मी तांब्या द्यायचे, ती वरून पाणी प्यायची. उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, डाव्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली. पण नजर अशी, की भाव पाडून मागणारी बाई अर्ध्या वाक्यात गप्प व्हायची. घ्यायचं तर घे, नाही तर हात काढ, असं ती तोंडाने म्हणायचीच नाही. नुसती बघायची. आंबवणे सरांचं आणि तिचं चांगलं जमायचं. शाळा सुटली की सर फाटकाशी उकिडवे बसून तिच्याशी गप्पा मारायचे. मासळी मात्र कधी घ्यायचे नाहीत. गळ्यात माळ होती.

पुढे नव्वद उजाडलं आणि एक मंत्री येणार अशी वर्दी आली. झालं! पालिकेने 'सुशोभीकरण' काढलं. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि आजही ऐकला की मी आधी रंगाचे डबे कुठे दिसतायत का ते बघते. एका शनिवारी कंत्राटदाराचा रंगारी डबे घेऊन आला. संध्याकाळपर्यंत हत्ती गुलाबी, उंट पिवळाजर्द, कासव निळं. मावशीला हिरवं लुगडं, लाल ओठ, कपाळाला चंदेरी कुंकू. आणि त्या बाबाने, त्याला वाटलं असेल राहून गेलंय, तिला मोठ्ठे डोळेही काढून टाकले. पांढरे, काळे, वर काजळ. एक डोळा जरा वर, एक खाली.

रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोर बागेत माणसं. नारळ फुटल्याचा आवाज आला. मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून गेले. मावशीच्या मांडीवर, जिथे परवापर्यंत माझा धाकटा बसत होता, तिथे हळद-कुंकू, खण, फुलं! आणि एक म्हाताऱ्या आजी सगळ्यांना सांगत होत्या, "इतकी वर्षं मिटलेली होती. रात्रीत उघडले हो आईने डोळे!"

"अहो, रंगारी आला होता काल," मी म्हटलं.

आजींनी माझ्याकडे कीव करून पाहिलं.

मागे वळले तर फाटकात आंबवणे सर. हातात रॉकेलचा बोळा. बिचाऱ्यांना कुणीतरी सांगितलं असावं आणि ते डोळे पुसायलाच आले होते. पण नारळ फुटला होता. त्यांनी बोळा खिशात घातला. खिसा ओला होत होता तरी त्यांना कळत नव्हतं.

"दिले हो कुणीतरी डोळे," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांत पत्र्याची शेड आली. महिन्यात कठडा आला, घंटा आली, ट्रस्ट आला. मावशीचं नाव झालं परडीआई. ट्रस्टचे अध्यक्ष आमच्याच इमारतीतले गुप्तेकाका, बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी हाताला काम नसलेले. सर त्यांच्या घरी समजावायला गेले तेव्हा मी सोबत गेले होते. जे ऐकलं ते ऐकून मी आ वासून बसले.

"गुप्तेसाहेब, ती कोळीण आहे. मी केलीय. सिमेंटची."

"सर, देव दगडाचाच असतो. सिमेंट म्हणजे तरी काय, दगडाचीच भुकटी."

"तिच्या डोक्यावर मासळीची टोपली आहे."

"परडी."

"अहो, आत मासे आहेत! वर चढून बघा!"

"मत्स्य हा तर पहिला अवतार," गुप्तेकाका शांतपणे म्हणाले. "सर, तुमचा हात निमित्त झाला. तुम्ही डोळे दिले नाहीत ना? का दिले नाहीत? कारण ते तिला स्वतः उघडायचे होते."

जिना उतरताना सर म्हणाले, "बाई, भिंतीशी बोललो असतो तर डोकं तरी टेकवता आलं असतं."

पोरांना कठड्याच्या आत बंदी झाली. एका पोराने सवयीने मांडीवर पाय दिला, तर पुजाऱ्याने त्याच्या थोबाडीत दिली. माझ्या मते तेवढं तरी सरांनी गिळलं असतं. पण मग ती पाटी लागली. 'देवस्थान परिसरात मासळी-मटण विकू नये.'

चांगुणाला फाटकावरून उठवलं. उठवणारे गुप्तेकाका. ज्यांच्या घरी बुधवार, शुक्रवार, रविवार चुकत नसे, आणि जे पापलेट चांगुणाशिवाय दुसऱ्या कुणाकडून घेत नसत, ते! कोळणीची जागा म्हणजे तिचं दुकान, तिची पेढी, सगळं. स्टेशनकडे गेली तर तिथल्या बायकांच्या जागा ठरलेल्या, त्या कुठल्या टेकू देणार? टोपली डोक्यावर घेऊन ती दारोदार फिरायला लागली, आणि तिचे गुडघे आधीच गेलेले. एका दुपारी माझ्या खिडकीशी पाणी प्यायली, आणि जायच्या ऐवजी तिथेच भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"काय गं झालं?"

"बाय, ती आत बसलेली कोन हाय ठावं हाय काय तुना?"

"कोण?"

"ती मीच हाय."

मला कळेचना. मग तिने सांगितलं. बाग झाली त्या मे महिन्यात ती रोज दुपारी माल संपला की सरांसमोर बसायची. तिच्यावरून सरांनी मावशी केली होती. तिचे खांदे, तिचं बसणं, तिची टोपली. मी खिडकीतून रोज बघत होते, पण मला वाटायचं ही उन्हाची सावलीला बसलीय. चेहऱ्यावर डोळे नव्हते, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

"मनाच हाकलतान न मनाच पुजतान," चांगुणा म्हणाली आणि पुन्हा हसली. मलाच हाकलतात आणि मलाच पुजतात! मी ज्या बायकांबरोबर रोज भाजी घेते त्या सकाळी हिच्या पुतळ्याची ओटी भरत होत्या, आणि दुपारी हिला जिन्यात टोपली टेकू देत नव्हत्या! धक्का बसला म्हणजे काय, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी सरांना जाऊन म्हटलं, "सांगून टाका सगळ्यांना."

"सांगून ऐकतील? म्हणतील देवीने कोळणीचं रूप घेतलं. मग हिलाही हार घालून बसवतील, पण मासळी विकू देणार नाहीत." आणि मग हळूच, "आमच्या धंद्यात सांगून काही होत नाही बाई. दिसावं लागतं."

काही वर्षं अशीच गेली. मग नव्वदीच्या अखेरीला पुन्हा पालिकेला जाग आली. आमचा सगळा रस्ता म्हणे 'कलामार्ग' होणार, आणि बागेचं 'कलाउद्यान'. मुंबईहून एक तरुण आर्किटेक्ट आला. त्याने थर्मोकोलची छोटी बाग करून आणली होती, कारंजी, फायबरचे पुतळे, खुला रंगमंच. हत्ती, उंट, कासव काढून टाकायचे. परडीआई मात्र मध्यभागी, संगमरवरी चौथऱ्यावर. त्याने भूखंडावर चुना टाकून घेतला. मी विचारलं काय चाललंय, तर त्याचा माणूस म्हणाला, "आखणी करतोय, बाई." मला उगाचच हसू आलं.

आणि मग गुप्तेकाका ट्रस्टतर्फे सरांकडे गेले. देवीचे डोळे तिरळे आहेत, फोटोत बरे येत नाहीत. सरांच्या घराण्याची आखणी प्रसिद्ध. भूमिपूजनाच्या दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने नवे डोळे द्यावेत. शाल-श्रीफळ, सत्कार.

सर हो म्हणाले!

माझा विश्वासच बसला नाही. मी तरातरा त्यांच्या घरी गेले. "सर, तुम्ही? तुम्ही डोळे देणार? पोरांची बाग गेली, चांगुणाची जागा गेली, आणि तुम्ही शाल घेणार?"

सर चहा बशीत ओतत होते. "तुमच्याकडची एक चादर द्याल का? पडदा लागेल. आमच्याकडे आखणी उघड्यावर करत नाहीत."

मी चादर दिली. रागारागाने दिली, पण दिली.

भूमिपूजनाला मांडव भरलेला. बायका नऊवारी नेसून, ओटीची ताटं घेऊन रांगेत. सर्वांत पुढे आमच्या इमारतीतल्या काळेकाकू. नगरसेवक, आर्किटेक्ट, गुप्तेकाका हात जोडून उभे. माझी निळी चादर दोन काठ्यांना बांधलेली, आणि तिच्यामागे सर. आधी रॉकेलचा वास आला. सर चेहऱ्यावरचा जुना रंग काढत होते. लाल ओठ, काजळ, सगळं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. गुरुजी कंटाळून मंत्र म्हणायचे थांबले. मला कळलं, आता त्यांनी श्वास धरला असणार.

सरांनीच चादर ओढली.

करड्या सिमेंटच्या चेहऱ्यावर फक्त दोन डोळे होते. उजव्यात फूल. डाव्याची पापणी उतरलेली. आणि नजर! घ्यायचं तर घे, नाही तर हात काढ!

काळेकाकूंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही तर चांगुणा!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मग सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. कारण फाटकाबाहेर, पाटीच्या अलीकडे यायची परवानगी नाही म्हणून रस्त्यावर, टोपली कमरेला लावून खरी चांगुणा उभी होती. सरांनीच तिला बोलावलं असणार. आतून ती बघतेय, बाहेरून ती बघतेय, आणि मध्ये ताटं घेतलेल्या आमच्या बायका. कुणाला कुठे बघावं कळेना. गुप्तेकाकांचे जोडलेले हात हळूहळू सुटे झाले.

"आखणी झाली," सर म्हणाले. "आता ज्यांना पाया पडायचंय त्यांनी खुशाल पडा. पण आधी तिला तिच्या जागेवर बसू द्या."

कुणी हललं नाही. मग रांगेच्या शेवटून एक बाई निघाली, मग दुसरी. काळेकाकूंनी बोटावरचं कुंकू पदराला पुसलं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी भांडलंच नाही. ओटीचे तांदूळ, खण, नारळ, सगळं मुकाट्याने आपापल्या घरी गेलं. नगरसेवकांनी पाच मिनिटांत कुदळ मारली आणि तेही गेले. शाल तशीच खुर्चीवर.

मी चादर घडी करत होते. "सर, आता हिला ठेवणार नाहीत हो. देवी होती म्हणून वाचली होती. तोडतील."

"तोडतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या घरात वाढलेल्याला विचारताय?" सर ब्रश पुसत म्हणाले. "डोळे दिले की मूर्ती कधी घरात राहिलीय का बाई?"

मला त्यांच्याकडे बघवेना. स्वतःच्या हाताने केलेली, आयुष्यातली सगळ्यात चांगली वस्तू. तिला या माणसाने स्वतःच्याच हाताने संपवलं होतं, एका कोळणीला झाडाखाली बसता यावं म्हणून. मी त्यांना शाल घेणारा समजले होते.

पूजा बंद पडली. घंटा कुणीतरी उतरवून नेली. ट्रस्टची पाटी गेली, मासळीची पाटीही गेली. नव्या नकाशात चौथऱ्याच्या जागी कारंजं आलं. आणि एका सकाळी ट्रक आणि घण घेऊन माणसं आली. मी खिडकीत उभी होते. हत्ती पडला, उंट पडला. मावशीसमोर आल्यावर मात्र घणवाला थबकला. घण खाली टेकवला.

"साहेब, ही बघतेय," तो मुकादमाला म्हणाला.

मुकादमाने पोतं आणलं, तिच्या तोंडावर टाकलं. तरी तो माणूस घण उचलेना. म्हणे, आत डोळे उघडेच आहेत ना. फाटकाशी आंबवणे सर उभे होते, शाळेच्या पांढऱ्या कपड्यांत. ते काही बोलत नव्हते. शेजारी, गुलमोहराखाली, आपल्या जुन्या जागेवर चांगुणा टोपली मांडून बसली होती. तिने मान वळवली आणि हाक मारली.

"मार र बाबा. मी जित्ती हाय हय."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घण घातला.

ती जिवंत होती, समोर बसली होती, स्वतः सांगत होती. पण पहिला घाव बसला तसा इकडे चांगुणाचा खांदा उडाला. दुसऱ्या घावाला तिने दोन्ही हातांनी टोपली धरली. तिसऱ्याला डोळे मिटून घेतले. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. सरांना ते दिसलं. ते सरळ तिच्या शेजारी फुटपाथवर मांडी घालून बसले, बागेकडे पाठ करून. आणि ज्या माणसाने जन्मात मासळीला हात लावला नव्हता, त्याने टोपलीत हात घातला, बोंबील उचलून वर धरला आणि मागचा आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा मास्तरी आवाजात ओरडायला लागला.

"बोंबील घ्याऽ, ओले बोंबील! चांगुणाबाईंचे ताजे बोंबील घ्याऽ!"

खिडक्या उघडल्या. गॅलऱ्या भरल्या. गुप्तेकाका बनियनवर बाहेर आले आणि तसेच उभे राहिले. सर कुणाकडे बघत नव्हते. गळ्याच्या शिरा ताणून, घोगऱ्या झालेल्या आवाजात ते ओरडत राहिले. मागे घण थांबला, तरी थांबले नाहीत.